मेथिलीकरणाच्या खुणा आणि स्तनाचा कर्करोग : प्रस्तावना

धाराशिव जिल्ह्यातील भूम व परंडा आणि त्यांना लागून असलेला सोलापूर जिल्ह्यातील बार्शी, या तीन तालुक्यांच्या गावांमध्ये आढळणाऱ्या प्रत्येक कर्करोगाची नोंद ठेवण्याचे काम 1987 साली सुरू झाले. भारतातील ही पहिली ग्रामीण, लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी होय. मुंबईत अशी नोंदणी 1963 पासून होत होती. परंतु रुग्णालये आणि प्रयोगशाळा यांची दप्तरे नियमाने चाळून रुग्णांची यादी करण्याची शहरी पद्धत भूम-परंड्यात चालण्यासारखी नव्हती, कारण जेथे रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हता तेथे रुग्णालयाच्या दप्तरात त्याचे नाव सापडण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन, गावातील जाणत्या माणसांशी बोलून, कर्करोगाची लक्षणे समजावून सांगणे आणि रुग्णांची नोंद घेणे ही दोन्ही कामे एकत्रच केली. आणि त्यातून आकडे तर मिळालेच, शिवाय गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचाराला येऊ लागल्याचेही दिसून आले.

प्रस्तुत ग्रंथाचा विषय वरवर पाहता या नोंदवहीपासून फार दूरचा आहे. पेशीतील डीएनएवर बसणाऱ्या एका लहानशा रासायनिक गटाची जागा बदलली की स्तनाच्या कर्करोगाची चाहूल लागते का, आणि लागत असल्यास ती किती आधी व किती खात्रीने लागते, हा या ग्रंथाचा प्रश्न आहे. जगातील मोठ्या प्रयोगशाळांत गेली तीन दशके या प्रश्नावर काम चालू आहे आणि त्याचे निष्कर्ष वृत्तपत्रांत ‘रक्ताच्या एका थेंबात कर्करोगाचे निदान’ अशा मथळ्यांखाली अधूनमधून येत असतात. अशा दाव्यांची पारख करण्याची रीत मात्र प्रयोगशाळेत तयार होत नाही. ती वर्षानुवर्षे माणसे मोजणाऱ्या, त्यांचे पुढे काय झाले याचा माग ठेवणाऱ्या ठिकाणी तयार होते. भूम, परंडा आणि बार्शी हा प्रदेश त्या ठिकाणांपैकी एक आहे, म्हणून रेणूंविषयीच्या या ग्रंथाची प्रस्तावना तेथून सुरू करणे योग्य ठरते.

प्रथम मूळ कल्पना. डीएनएचा रेणू ॲडेनिन, थायमिन, सायटोसिन आणि ग्वानिन या चार घटकांच्या क्रमाने बनलेला असतो. यांपैकी सायटोसिनच्या पाचव्या कार्बन अणूला एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचा गट, म्हणजे मेथिल गट, जोडला जाण्याला मेथिलीकरण म्हणतात. माणसात ही जोडणी मुख्यतः ज्या सायटोसिनच्या लगेच पुढे ग्वानिन असते अशा जागी होते. अशा जागा मानवी जनुकसंचात सुमारे 2 कोटी 80 लाख आहेत आणि निरोगी पेशीत त्यांपैकी बहुतेकांवर मेथिल गट असतो. जनुकांच्या आरंभापाशी, जेथून जनुकाचे वाचन सुरू होते त्या प्रवर्तक भागात, या जागांची दाट वस्ती आढळते व तिला ‘बेट’ असे म्हणतात. ही बेटे सहसा मेथिल गटापासून मोकळी असतात, आणि ती मेथिल गटांनी भरून गेली तर ते जनुक गप्प होते. यात डीएनएचा मूळ क्रम बदलत नाही. पोथीतील अक्षरे तीच राहावीत, पण काही पाने दोऱ्याने शिवून टाकल्यामुळे ती वाचताच येऊ नयेत, असा हा प्रकार आहे. यकृताची पेशी आणि स्तनाच्या दुग्धनलिकेची पेशी यांच्यात डीएनए तोच असूनही त्यांचे काम वेगळे असते, त्यामागे मोठ्या प्रमाणात हीच व्यवस्था असते. आणि पेशी दुभंगताना ही व्यवस्था नव्या पेशीकडे नकलून देण्याचे काम एक विशिष्ट विकर करते. ही नक्कल वारंवार करताना चुका होतात, त्या साचत जातात, आणि वयाबरोबर वाढतात.

सायटोसिनचे हे मेथिलयुक्त रूप रॉलिन हॉचकिस यांनी 1948 साली वासराच्या थायमस ग्रंथीतील डीएनएमध्ये ओळखले. विशेष म्हणजे त्याच वर्षी फ्रान्समध्ये मांदेल आणि मेतै या दोघांनी माणसाच्या रक्तद्रवात, पेशींच्या बाहेर, मोकळी न्यूक्लिइक आम्ले तरंगत असल्याचे नोंदवले होते. या दोन निरीक्षणांची गाठ पडायला पुढे जवळजवळ अर्धे शतक जावे लागले. मेथिलीकरण हे जनुकांच्या नियंत्रणाचे आणि पेशीच्या स्मृतीचे साधन असू शकेल, ही कल्पना 1975 साली आर्थर रिग्ज यांनी आणि स्वतंत्रपणे हॉलिडे व प्यू यांनी मांडली. कर्करोगाशी तिचा संबंध ठळकपणे जोडला गेला तो 1983 साली, जेव्हा फाइनबर्ग आणि फोगेलस्टाइन यांनी कर्करोगाच्या पेशींत अनेक जनुकांवरील मेथिल गट उलट कमी झालेले असतात असे दाखवले. पुढच्या दशकात चित्राची दुसरी बाजू समोर आली: एकूण जनुकसंचात मेथिल गटांची घट होत असतानाच गाठीला आवर घालणाऱ्या काही निवडक जनुकांच्या प्रवर्तक बेटांवर मात्र त्यांची दाटी होते. सर्वत्र विरळ आणि नेमक्या जागी दाट, हे कर्करोगपेशीचे दुहेरी लक्षण आजही या क्षेत्राचा पाया आहे.

या निरीक्षणांना तपासणीचे रूप देण्यास दोन तंत्रे कारणीभूत झाली. मारियान फ्रॉमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली बायसल्फाइट प्रक्रियेवर आधारित वाचनपद्धती प्रसिद्ध केली; तीत मोकळ्या सायटोसिनचे रूपांतर युरॅसिलमध्ये होते आणि मेथिलयुक्त सायटोसिन जसेच्या तसे राहते, त्यामुळे एरवी न दिसणारा फरक क्रमवाचनात दिसू लागतो. त्यानंतर 1996 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील जेम्स हर्मन, स्टीफन बेलिन आणि सहकाऱ्यांनी मेथिलयुक्त प्रतच तेवढी ओळखून तिच्या असंख्य नकला करणारी पीसीआर पद्धत तयार केली. हजारो निरोगी प्रतींमधून एखादी बदललेली प्रत हुडकून काढणे त्यामुळे शक्य झाले, आणि ‘लवकर निदान’ हे शब्द या क्षेत्रात प्रथमच गांभीर्याने उच्चारले जाऊ लागले.

स्तनाच्या कर्करोगापुरते पाहिले तर त्यानंतरचे संशोधन ढोबळमानाने चार प्रवाहांत वाहिले आहे, जरी एकच संशोधक अनेकदा दोन प्रवाहांत उभा असलेला दिसतो. पहिला प्रवाह निवडक जनुकांचा. बीआरसीए-1 या जनुकाच्या प्रवर्तक भागाचे मेथिलीकरण काही स्तनगाठींत 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात सापडले. 2000 साली ओळखले गेलेले आरएएसएसएफ-1ए हे जनुक तर बहुसंख्य स्तनगाठींत मेथिल गटांनी झाकलेले आढळते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील सरस्वती सुकुमार यांच्या गटाने 2001 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्तनाग्रातून दुग्धनलिकेत बारीक नळी घालून, क्षारद्राव सोडून, परत आलेल्या द्रवातील पेशींमध्ये तीन जनुकांचे मेथिलीकरण तपासले होते, आणि कर्करोग असलेल्या नलिकांतून आलेल्या पेशींत ते सापडत होते. कल्पना देखणी होती. परंतु नलिका धुण्याची ती पद्धत त्रासदायक होती, शिवाय बऱ्याच गाठी नलिकेत पेशी सोडतच नाहीत असे दिसल्यावर ती मागे पडली. या प्रवाहातील असंख्य लहान अभ्यासांचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. प्रत्येक गटाने आपापली दोन-चार जनुके निवडली, पन्नास-शंभर रुग्ण आणि तेवढ्याच निरोगी स्त्रिया यांची तुलना केली, आणि प्रभावी आकडे छापले. ती जनुके दुसऱ्या शहरातील स्त्रियांमध्ये तशीच वागतात का, हे पाहण्याचे कष्ट फार थोड्यांनी घेतले. भारतातील अभ्यास या दोषातून सुटलेले नाहीत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी गाठ आणि रक्तद्रव यांची जोडीने तपासणी करणारे काम झाले, पण तेही मुख्यतः निदान झालेल्या रुग्णांवर.

दुसरा प्रवाह संपूर्ण जनुकसंचाचा. एकाच चकतीवर साडेचार लाखांहून अधिक जागांचे मेथिलीकरण वाचणारी साधने 2011 च्या सुमारास आणि साडेआठ लाख जागांची साधने त्यानंतर काही वर्षांत उपलब्ध झाली. गाठींचे मेथिलीकरणानुसार वर्ग पडतात आणि ते संप्रेरकग्राही असणे किंवा नसणे याच्याशी बरेचसे जुळतात, हे त्यातून स्पष्ट झाले. या प्रवाहाचे सर्वांत विचारप्रवर्तक फलित म्हणजे गाठीच्या शेजारच्या, सूक्ष्मदर्शकाखाली पूर्णपणे निरोगी दिसणाऱ्या ऊतीतही विस्कळीत मेथिलीकरणाचे पट्टे सापडणे. कर्करोग एका बिंदूत उगवत नाही, तर आधी जमीन बिघडते, हा जुना तर्क त्यामुळे मोजता येण्याजोगा झाला. स्टीव्ह होर्वाथ यांनी 2013 साली मेथिलीकरणावरून ऊतीचे जैविक वय काढण्याची पद्धत मांडली, तेव्हा निरोगी स्तनाची ऊतीसुद्धा त्याच स्त्रीच्या इतर ऊतींपेक्षा वयाने पुढे असल्याचे दिसले होते. संप्रेरकांच्या मासिक चढउतारांशी त्याचा संबंध असावा असे मानले जाते.

तिसरा प्रवाह धोक्याचा आहे, रोगाचा नव्हे. त्याचे अभ्यासक गाठ शोधत नाहीत. गाठ होण्याची शक्यता शरीराच्या दुसऱ्याच एखाद्या ऊतीवर उमटली आहे का, हे शोधतात. नॉर्वेतील पेर लोनिंग यांच्या गटाने अमेरिकेतील हजारो स्त्रियांचे साठवलेले रक्तनमुने तपासून 2022 साली असे दाखवले की ज्या निरोगी स्त्रियांच्या पांढऱ्या पेशींपैकी अल्प अंशात बीआरसीए-1 चे मेथिलीकरण होते, त्यांना पुढे ट्रिपल निगेटिव्ह प्रकारचा स्तनकर्करोग होण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे 2.35 पट होते. हे मेथिलीकरण बहुधा गर्भावस्थेतच काही पेशींत घडलेले असते, म्हणजे ते आईवडिलांकडून आलेले उत्परिवर्तन नसते, तरीही जन्मभर सोबत राहते. ट्रिपल निगेटिव्ह म्हणजे ज्या गाठीवर इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-2 यांपैकी कशाचेही ग्राही नसतात आणि म्हणून संप्रेरकांच्या गोळ्या ज्यावर चालत नाहीत, असा आक्रमक प्रकार. पाश्चात्त्य देशांत तो 10 ते 15 टक्के रुग्णांत आढळतो, तर भारतातील अनेक अभ्यासांत त्याचे प्रमाण 25 ते 30 टक्क्यांपर्यंत जाते. साहजिकच हा शोध भारतीय स्त्रियांमध्ये पडताळून पाहण्याची निकड मोठी आहे. याच प्रवाहात मार्टिन विडश्वेन्टर यांच्या गटाने, तेही 2022 मध्येच, गर्भाशयमुखाच्या पेशींतील मेथिलीकरणावरून स्तनाचा कर्करोग असलेली स्त्री ओळखण्याचा निर्देशांक प्रसिद्ध केला. गर्भाशयमुखाचा नमुना घेण्याची व्यवस्था ज्या धाराशिव जिल्ह्यात एकेकाळी गावपातळीपर्यंत उभी राहिली होती, तेथील वाचकाला या कल्पनेत विशेष रस वाटणे स्वाभाविक आहे.

चौथा प्रवाह रक्तातील मोकळ्या डीएनएचा, आणि सध्या पैसा व प्रसिद्धी दोन्ही त्याच्याकडे आहेत. मरणाऱ्या पेशींतून डीएनएचे सुमारे 167 अक्षरांचे तुकडे रक्तद्रवात येतात आणि थोड्याच वेळात नाहीसे होतात. गाठ असेल तर तिचेही तुकडे त्यांत असतात. अडचण प्रमाणाची आहे. दहा मिलिलिटर रक्तातून जनुकसंचाच्या काही हजार प्रतींएवढाच मोकळा डीएनए मिळतो, आणि लहान गाठीचा त्यातील वाटा दहा हजारांत एकाहूनही कमी असू शकतो, म्हणजे एका विशिष्ट उत्परिवर्तनाचा शोध घेतला तर त्या नळीत त्याचा एकही तुकडा नसण्याचीच शक्यता अधिक. मेथिलीकरणाचे बळ येथे आहे. ते एका जागी नव्हे तर हजारो जागी एकाच वेळी बदललेले असते, म्हणून त्यांपैकी काही तुकडे तरी हाती लागतात. शिवाय प्रत्येक ऊतीची मेथिलीकरणाची घडण वेगळी असल्याने तुकडा स्तनातून आला की फुप्फुसातून याचाही अंदाज बांधता येतो. चीनमधील ताइचौ येथे सव्वा लाखाच्या आसपास माणसांच्या साठवलेल्या रक्तातील निवडक नमुने वापरून 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रूढ निदानाच्या चार वर्षे आधीपर्यंत कर्करोगाची खूण सापडल्याचे सांगितले गेले, ते याच बळावर. जठर, अन्ननलिका, मोठे आतडे, फुप्फुस आणि यकृत हे त्यातील पाच कर्करोग. स्तन त्यात नव्हते, आणि मथळे लिहिणाऱ्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही.

स्तनाची गाठ या बाबतीत हट्टी आहे. अनेक कर्करोग एकाच रक्ततपासणीत शोधणाऱ्या अमेरिकी चाचणीच्या 2021 मधील निष्कर्षांत सर्व कर्करोग मिळून संवेदनक्षमता, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांपैकी किती ओळखले गेले याचे प्रमाण, 51.5 टक्के होती. पहिल्या अवस्थेत मात्र ती 16.8 टक्क्यांवर घसरली, आणि पहिल्या अवस्थेतील स्तनगाठींच्या बाबतीत तर ती याहूनही बरीच खाली होती. संप्रेरकग्राही, सावकाश वाढणाऱ्या लहान गाठी रक्तात फारसे काही सोडत नाहीत, हे त्याचे कारण. ज्या गाठी सोडतात त्या आक्रमक असतात, त्यामुळे ही उणीव पूर्णपणे वाईट नाही, कारण निरुपद्रवी गाठी शोधून स्त्रीला विनाकारण शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेण्याचा मॅमोग्राफीवर येणारा आक्षेप येथे सौम्य होतो, असा युक्तिवाद केला जातो. तो विचारात घेण्यासारखा आहे, सिद्ध झालेला नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी एसईपीटी-9 या जनुकाच्या मेथिलीकरणावर आधारित रक्ततपासणीला अमेरिकेत 2016 सालीच मान्यता मिळाली. स्तनाच्या बाबतीत निरोगी स्त्रियांच्या सार्वत्रिक तपासणीसाठी त्या तोडीचे काही अद्याप उभे राहिलेले नाही.

येथे एक साधा हिशेब मांडणे आवश्यक आहे. चाचणीची विशिष्टता, म्हणजे निरोगी व्यक्तीला निरोगीच म्हणण्याचे प्रमाण, 99.5 टक्के आहे असे धरू, आणि संवेदनक्षमता उदारपणे 50 टक्के धरू. एक लाख स्त्रियांची तपासणी केली आणि त्यांत न कळलेला कर्करोग असलेल्या स्त्रिया 40 असल्या, तर चाचणी 20 जणींना ओळखेल, 20 जणींना सोडून देईल, आणि सुमारे 500 निरोगी स्त्रियांना कर्करोगाची शंका सांगून परत पाठवेल. जेथे रोगाचे प्रमाण दुप्पट आहे तेथे हीच चाचणी दुप्पट फळ देईल. बार्शी नोंदणीच्या प्रदेशात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईपेक्षा बरेच कमी राहिलेले आहे. म्हणजे मुंबईत बरी ठरलेली चाचणी भूममध्ये तेवढी बरी ठरणार नाही, आणि हा दोष चाचणीचा नव्हे, अंकगणिताचा आहे. त्या 500 स्त्रियांनी सोनोग्राफी, मॅमोग्राम आणि गरज पडल्यास बायोप्सी कोठे करायची, कोणाच्या खर्चाने करायची, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या बाईला अहवाल कोणी कळवायचा, हे प्रश्न त्या अंकगणिताच्या मागोमाग येतात.

दुसरी अडचण मोजपट्टीची आहे. मेथिल गट शरीरात येतो तो फोलेट आणि बी-12 यांच्या चयापचयातून. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून पुणे परिसरातील गावांत केलेल्या अभ्यासातून बी-12 ची कमतरता ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रियांत किती सर्वदूर आहे हे दिसून आले आहे, आणि बी-12 दिल्यावर काही जागांचे मेथिलीकरण बदलते असेही पुढे आढळले. तंबाखूच्या धुराने एएचआरआर या जनुकावरील मेथिल गट कमी होतात, हे या क्षेत्रातील सर्वांत भरवशाच्या निरीक्षणांपैकी एक आहे. पण मराठवाड्यातील बाई सहसा विडी ओढत नाही, ती मिश्री लावते, आणि मिश्रीची खूण तशीच असेल असे गृहीत धरता येत नाही. रक्तातील पांढऱ्या पेशींच्या निरनिराळ्या प्रकारांचे प्रमाण साध्या संसर्गानेही बदलते आणि त्यासोबत रक्ताचे सरासरी मेथिलीकरण बदललेले दिसते. युरोप-अमेरिकेतील स्त्रियांवर आखलेली सीमारेषा येथे उचलून आणली तर ती नेमके काय मोजेल, याविषयी प्रस्तुत ग्रंथाने व्यक्त केलेली साशंकता रास्त आहे.

तरीही हा विषय आज महत्त्वाचा का, याचे उत्तर आकड्यांत आहे. जागतिक कर्करोग निरीक्षणाच्या 2022 च्या अंदाजानुसार भारतात त्या वर्षी सुमारे 1 लाख 92 हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला आणि 98 हजारांहून अधिक स्त्रिया त्याने दगावल्या; नव्या रुग्णांच्या निम्म्याहून अधिक मृत्यू हे गुणोत्तर उशिरा होणाऱ्या निदानाचीच साक्ष देते. तीस वर्षांवरील स्त्रियांची स्तनतपासणी राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट आहे, आशाताई घरोघर जाऊन अर्ज भरतात, उपकेंद्रावर तपासणी व्हावी अशी योजना आहे. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 30 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी स्तनतपासणी झालेल्या स्त्रिया देशभरात एक टक्काही भरल्या नाहीत. मॅमोग्राफी हा येथे सर्वसाधारण उपाय होऊ शकत नाही: यंत्रे शहरांत आहेत, ते चित्र वाचणारे तज्ज्ञ त्याहून थोडे आहेत, आणि भारतीय स्त्रियांना हा रोग पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा साधारण दशकभर आधी होतो, ज्या वयात स्तनाची ऊती दाट असते आणि क्ष-किरणांत गाठ झाकली जाते.

या परिस्थितीत मेथिलीकरणाचा सर्वांत उपयुक्त वापर कदाचित सर्वांत साध्या ठिकाणी आहे. सुकुमार यांच्या गटाने 2019 साली विकसनशील देशांसाठी म्हणून दहा जनुकांच्या मेथिलीकरणाची अशी चाचणी मांडली की जी सुईने काढलेल्या नमुन्यावर, बंद कार्ट्रिजमध्ये, काही तासांत गाठ साधी की कर्करोगाची हे सांगू शकेल. हे तंत्रज्ञान क्षयरोगाच्या तपासणीसाठी भारतातील सरकारी रुग्णालयांत वापरल्या जाणाऱ्या सीबीनॅट यंत्राच्या जातीचे आहे. निरोगी स्त्रीच्या रक्तात न दिसणारा कर्करोग शोधण्याचे वैभव या चाचणीत नाही. तिच्यासमोर येणाऱ्या बाईला गाठ हाताला लागलेलीच असते, तिला घाई करायची की नाही एवढेच ठरवायचे असते. पण भूमसारख्या तालुक्यात गाठ लागल्यापासून पॅथॉलॉजिस्टचा अहवाल हाती येईपर्यंत आणि तेथून बार्शीला किंवा सोलापूरला उपचार सुरू होईपर्यंत जे आठवडे जातात, ते कमी करणे हे न दिसणारी गाठ दोन वर्षे आधी शोधण्याहून अधिक जीव वाचवणारे ठरू शकते. ग्रंथाच्या लेखकांनी ही शक्यता तळटीपेत न टाकता मध्यभागी आणली आहे, आणि त्यांच्या दृष्टीचे वेगळेपण त्यात दिसते.

धाराशिव जिल्ह्याने, त्याचे नाव उस्मानाबाद असताना, तपासणीच्या मूल्यमापनाचा एक मापदंड जगाला दिला आहे. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल केंद्र आणि लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी 1,31,746 स्त्रियांना गावांच्या 52 समूहांत विभागून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तीन तपासण्यांची तुलना केली. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एचपीव्ही या विषाणूच्या चाचणीच्या गटात त्या कर्करोगाने 34 मृत्यू झाले, तर तपासणी न दिलेल्या गटात 64. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतात, हे त्यातून सिद्ध झाले. चौथ्या गटाला तपासणी न देण्यावर पुढे कठोर नैतिक टीका झाली, आणि ती झटकून टाकता येण्यासारखी नाही. निष्कर्षाचे मोल आणि त्यासाठी मोजलेली किंमत ही दोन्ही एकत्रच सांगितली गेली पाहिजेत. मात्र गर्भाशयमुखाचे यश स्तनाकडे सरळ वळवता येत नाही. तेथे कारण एक, एक विषाणू; पूर्वावस्था दीर्घ आणि डोळ्यांना दिसणारी; उपचार थोडक्यात होणारा. स्तनाच्या कर्करोगाला असा एक विषाणू नाही, त्याचे प्रकार अनेक आहेत, आणि नलिकेत थांबून राहिलेल्या पूर्वावस्थेतील कोणती गाठ पुढे सरकेल हे आजही निश्चित सांगता येत नाही. मेथिलीकरणाने नेमके हेच सांगता आले तर त्याची योग्यता सिद्ध होईल, अशी अनेक अभ्यासकांची अपेक्षा आहे.

ग्रंथाचे स्वरूप याला धरूनच आहे. तो वैद्यक आणि परिचर्या यांच्या विद्यार्थ्यांसाठी, सार्वजनिक आरोग्याचे काम करणाऱ्यांसाठी आणि विज्ञानाची आवड असलेल्या वाचकांसाठी लिहिलेला असून, रसायनशास्त्रापासून आरंभ करून तो नमुना, प्रयोगशाळा, आकडेशास्त्र आणि शेवटी आरोग्यव्यवस्था अशा क्रमाने चढत जातो. प्रत्येक दाव्यापाशी लेखक तीन प्रश्न वेगळे करतात: ही खूण भविष्यातील धोका सांगते, आज असलेला पण न दिसणारा रोग सांगते, की हाती लागलेल्या गाठीचे स्वरूप सांगते? या तिन्हींची सरमिसळ हा या क्षेत्रातील लेखनाचा सर्वांत मोठा दोष आहे आणि व्यापारी जाहिरातींना तो सोयीचा पडतो. उपचारांच्या निवडीत मेथिलीकरणाचा वापर, मेथिल गट हटवणारी औषधे आणि पुरुषांमधील स्तनकर्करोग हे विषय लेखकांनी जाणीवपूर्वक बाजूला ठेवले आहेत. यांपैकी पहिल्याला थोडी जागा मिळायला हवी होती, कारण बीआरसीए-1 चे मेथिलीकरण गाठीला काही औषधांपुढे हळवे करते आणि धोक्याची खूण व उपचाराची दिशा येथे एकाच ठिकाणी भेटतात.

एका वादात मात्र लेखकांनी स्पष्ट बाजू घेतली आहे. इंग्लंडमध्ये 2021 साली सुरू झालेल्या, 1 लाख 40 हजारांहून अधिक लोकांवरील रक्ततपासणीच्या चाचणीत यशाची पहिली कसोटी मृत्यू कमी होणे ही नसून तिसऱ्या व चौथ्या अवस्थेत सापडणारे कर्करोग कमी होणे ही ठेवण्यात आली, कारण मृत्यूंची वाट पाहण्यात अनेक वर्षे जातात. ही सवलत योग्य की अयोग्य, यावर जगभर मतभेद आहेत. महाराष्ट्राकडे या बाबतीत स्वतःचा पुरावा आहे. टाटा मेमोरियल केंद्राच्या इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी 1998 पासून मुंबईतील 1,51,538 स्त्रियांवर केलेल्या आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे पुढच्या अवस्थेतील रुग्णांचे प्रमाण 47 टक्क्यांवरून 37 टक्क्यांवर आले. मृत्यूंतील घट मात्र एकूण गटात 15 टक्के, म्हणजे संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात न उतरणारी, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत जवळजवळ 30 टक्के व कसोटीला उतरणारी निघाली. अवस्था सर्वांचीच सुधारली, जीव मात्र सर्व वयांत सारखे वाचले नाहीत. या पुराव्याच्या आधारे लेखकांची भूमिका अशी आहे की मेथिलीकरणावरील कोणतीही रक्ततपासणी महाराष्ट्रात निरोगी स्त्रियांसाठी सुचवण्यापूर्वी तिची तुलना रिकाम्या हाताशी नव्हे, तर आरोग्यसेविकेच्या प्रशिक्षित हाताशी व्हावी, आणि मृत्यूंची मोजणी ज्या तालुक्यांत आधीपासून घरोघरी होत आली आहे तेथेच ती तुलना करावी.